बरं वाटतंय ना, हे तपासण्याचा नाद

ओसीडीला मराठीत जुना शब्द आहे: मंत्रचळ. सारखे हात धुणारी आत्या किंवा तीन-तीनदा कडी ओढून पाहणारे काका अनेक घरांत थट्टेचा विषय होतात. पण दिवसाचे तासच्या तास त्यात जायला लागले की तो आजार असतो, आणि त्यावर उपचार आहेत. गंमत म्हणजे उपचार लागू पडू लागल्यावर काहींची वेगळीच पंचाईत होते. हात धुणं आटोक्यात येतं, जंतूंची धास्ती मागे पडते आणि नवा प्रश्न ठाण मांडतो: 'पुन्हा अस्वस्थ वाटायला लागलं तर?'

मग सकाळी डोळे उघडताच स्वतःला चाचपणं सुरू होतं. छातीत धडधडतंय का? कालच्यापेक्षा बरं आहे ना? शोधायला गेलं की काहीतरी सापडतंच. तळवे ओलसर लागतात, 'आजार उलटला' असं वाटतं आणि त्या विचारानेच धडधड वाढते. आधी कडी तपासली जायची, आता मन तपासलं जातं.

१९८५ साली स्टीव्हन रीस आणि रिचर्ड मॅकनली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अस्वस्थतेचीच भीती वाटण्याच्या स्वभावविशेषाकडे लक्ष वेधलं. धडधड सगळ्यांनाच होते. पण काहींना ती नुसती त्रासदायक न वाटता धोक्याची वाटते: आता वेड लागणार, आता हृदय बंद पडणार.

यावरचा उपाय मूळ आजाराच्या उपायासारखाच आहे. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं, पण त्यानंतरची ठरलेली कृती करायची नाही, अशी ही पद्धत. दहा वर्षांनी स्टॅन्ले रॅकमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हात न धुताही धुण्याची ऊर्मी आपोआप उतरते, आणि बराचसा उतार पहिल्या तासातच पडतो.

भीती धडधडीचीच असेल, तर धडधडच मुद्दाम आणायची. जिने भराभर चढायचे, खुर्चीवर गरगर फिरायचं, बारीक नळीतून श्वास घ्यायचा, आणि नाडी न तपासता तसंच बसून राहायचं. ऐकायला हा अघोरी प्रकार वाटतो, पण उपचारतज्ज्ञ तो करून घेतात. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. भीती शून्यावर आणणं हा इथे हेतूच नसतो. धडधड असतानाही भाजी आणता येते, बँकेत जाता येतं, हे अंगवळणी पाडायचं असतं.

प्राणायामाचंही तेच. एरवी तो चांगलाच. पण अस्वस्थता येताक्षणी तिला पळवून लावण्यासाठी केला, तर तोही नवा मंत्रचळ होऊ शकतो.

घरच्यांची कसोटी सगळ्यात अवघड. 'आई, मी बरा होईन ना?' असं दिवसातून वीसदा कानावर आलं की वीसदा 'हो रे बाळा' म्हणावंसं वाटणारच. त्या होकाराने पाचच मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तोच प्रश्न. 'ते आत्ता नाही सांगता येणार, चल, चहा टाकू' हे उत्तर रुक्ष वाटलं तरी जास्त उपयोगी पडतं.

गोळ्या सुरू असतील तर परिणाम दिसायला बरेच आठवडे लागतात. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. कुठे जावं हे कळत नसेल, तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.