गृहपाठाचे दोन तास

माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या गृहपाठाविषयी बेळगावच्या आपल्या व्यापारी कुटुंबांतून दोन परस्परविरुद्ध तक्रारी नित्य ऐकू येतात. शाळा फार गृहपाठ देते, मुलाला सवड म्हणून उरत नाही, ही एक. आणि शाळा काहीच करून घेत नाही, म्हणून शिकवणीला पैसे मोजावे लागतात, ही दुसरी. पुष्कळदा एकाच घरात वडील पहिली तक्रार करतात व आई दुसरी. यात तथ्य किती, याचा विचार वार्षिक अंकाच्या निमित्ताने व्हावा, असे आम्हांस वाटले.

गृहपाठ किती असावा, याचा सरकारदरबारी पुरेसा विचार झालेला आहे. प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली दिलेल्या अहवालात, प्राथमिक वर्गांना पुस्तकी गृहपाठ देऊच नये व वरच्या वर्गांना जरूर तेवढाच, तोही पाठ्यपुस्तकाच्या पलीकडचा द्यावा, अशी शिफारस होती. पुढे २०२० च्या शालेय दप्तर धोरणात केंद्र सरकारने तासच नेमून दिले. दुसरीपर्यंत मुळीच नाही. तिसरी ते पाचवी आठवड्यास दोन तास. सहावी ते आठवी दिवसास एक तास. आणि नववीपासून पुढे दिवसास फार तर दोन तास. एखादी शाळा याहून अधिक देत असेल, तर पालकांनी हे धोरण दाखवून मुख्याध्यापकांशी बोलावे. त्यात संकोचाचे कारण नाही. परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. हे दोन तास आपण तरी मुलाला देतो काय?

जैन घराला या बाबतीत एक मोठी अनुकूलता आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची चाल ज्या घरांत आजही पाळली जाते, तेथे सातच्या सुमारास स्वयंपाकघर शांत झालेले असते. इतरत्र जी वेळ स्वयंपाकात व पंगतीत जाते, ती आपल्याकडे मोकळी असते. सात ते नऊ हे दोन तास जणू गृहपाठासाठीच राखून ठेवलेले आहेत! पण हीच वेळ पेढीवर रोजमेळ जुळविण्याची आणि माल उतरवून घेण्याची. घरी निरोप जातो, "पोराला जरा पाठवून द्या." पोरगा जातो, पोती मोजतो, चिठ्ठ्या लिहितो आणि नऊला परततो तो डोळ्यांवर झोप घेऊनच. त्यातही शाळूची आवक वाढते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि दहावीची परीक्षाही मार्चमध्येच येऊन ठेपते. मुलाने पेढी पाहूच नये, असे आमचे म्हणणे नाही. रविवार आहे, दसऱ्याची सुट्टी आहे, उन्हाळा आहे. तेव्हा खुशाल पाहावी. मुलीला कोणी पेढीवर बोलावीत नाही, परंतु पाहुणे आले की चहासाठी तिलाच उठविले जाते. तिचेही तास ते तासच होत.

दुसरी अडचण नवी आहे. पुष्कळ शाळांचा गृहपाठ आता वडिलांच्या मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल दिवसभर बाजारभावाच्या चौकशीत गुंतलेला असतो. वडील साडेनऊला घरी येईपर्यंत उद्या काय करून न्यावयाचे, हे मुलाला ठाऊकच नसते. पाच वाजता तेवढा मजकूर घरच्या मोबाइलवर पाठवून देण्यास कितीसा वेळ लागतो?

तिसरी अडचण आपल्या सीमाभागाची. मूल मराठी माध्यमात असले तरी त्याला कन्नड आणि इंग्रजी या दोन्ही भाषांचा गृहपाठ असतो. सांगली-इचलकरंजीहून सून म्हणून आलेल्या आईला कन्नड अक्षरओळख नसते, आणि वडिलांचे कन्नड बाजारात बोलण्यापुरते. मग मुलाला कन्नडच्याही शिकवणीला घालतात. वास्तविक, गोकाक-बैलहोंगलकडचा जो दिवाणजी आपली कन्नड पत्रे लिहितो, त्याला आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास मुलाजवळ बसविले तर पुष्कळ काम भागेल. त्या वेळेचे निराळे मानधन मात्र त्याला द्यावे. फुकट राबवू नये.

"आम्ही फारसे शिकलेलो नाही, मुलाचे बीजगणित कसे तपासणार?" असे सभासद बंधू विचारतात. आपण पोत्यात लोखंडी पन्हळ खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतो व मालाची पारख करतो. सगळे पोते कधी ओतून पाहत नाही. गृहपाठाचाही असाच नमुना काढता येतो. वही मिटून ठेवावी आणि म्हणावे, "आज काय केलेस ते मला समजावून सांग." ज्याला समजले आहे तो सांगतो. ज्याने उतरवून काढले आहे तो अडखळतो, आणि कोठे अडखळला हे कळावयास बीजगणित यावे लागत नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनन करणे, शुद्ध पाठ करणे व दुसऱ्यास सांगणे. आपल्या मुलांचा गृहपाठ पहिल्या व चौथ्या पायरीवरच थांबतो. विचारावयास घरात कोणी नसते, आणि ऐकावयासही नसते.

काही घरांत याच्या उलट प्रकार चालतो. प्रकल्पाची चित्रे आई चिकटविते, निबंध शिकवणीचे मास्तर लिहून देतात, आणि दुकानात तयार प्रकल्प विकत मिळतो तो वेगळाच. वहीत जमा दिसते व गल्ला रिकामा असतो. असल्या हिशेबाला आपण पेढीवर काय म्हणतो, ते सांगावयास नको.

आता ज्यांच्या घरी दोन तासही नाहीत आणि बसावयास कोपराही नाही, त्यांचे काय? आपल्या बाजारातील हमाल, मापाडी व कारकून यांची मुले एका खोलीत राहतात. तेथेच चूल, तेथेच दूरदर्शन, तेथेच आजारी आजोबा. दक्षिण भारत जैन सभा १८९९ साली स्थापन झाली आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे वसतिगृहे निघाली. खेड्यातल्या मुलाला दिवा, बैठक व वेळ मिळावी, हा त्यांचा मोठा उपयोग. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले, ते सर्व जातींच्या मुलांसाठी.

आपल्या संघातर्फे दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. तो जरूर व्हावा. पण हार पडतो तो बहुधा ज्याच्या घरी आधीच टेबल-दिवा आहे त्याच्याच गळ्यात. संघाचे सभागृह सभा व लग्ने सोडल्यास सायंकाळी बंद असते. ते सात ते नऊ या वेळेत अभ्यासिका म्हणून उघडावे, तेथे आपल्या मुलांच्या शेजारी हमालांची मुले बसावीत, आणि एखादे निवृत्त शिक्षक शंका सोडविण्यास असावेत, अशी आमची सूचना आहे. "परकी मुले आली तर जागा खराब होईल," हा आक्षेप कानी आला आहे. ज्यांच्या पाठीवरून आपला माल गोदामात जातो, त्यांची मुले परकी कशी, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सभेत उभे राहून सांगावे.

शाळा जूनच्या आरंभी भरतात. तत्पूर्वीच्या सभेत हा विषय घ्यावा. बाके व पंखे यांची सोय सभासदांनी मिळून करावी. विजेच्या बिलावरून चर्चा लांबणार असेल, तर पहिल्या वर्षाचे बिल आमच्या पेढीच्या नावे लिहावे.