भरलेला तक्ता आणि हरवलेल्या नोंदी

शाळेच्या कार्यालयात, सहकारी सोसायटीत, दवाखान्यात किंवा दूध संकलन केंद्रावर आज कोठेही गेले, तरी जाड नोंदवहीच्या शेजारी संगणकाचा पडदा दिसतो आणि पडद्यावर बहुधा एक तक्ता दिसतो. उभे स्तंभ, आडव्या ओळी आणि त्यांच्या छेदावर तयार होणारी चौकोनी घरे, असे त्याचे स्वरूप. ‘एक्सेल’ हे त्यातले सर्वांच्या तोंडी बसलेले नाव. बेरीज, सरासरी, आलेख ही कामे तो क्षणार्धात करतो. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत होते, की या तक्त्यात कितीही माहिती भरावी, तो पुरेच.

ही समजूत खरी नाही. एक रिकामा तक्ता उघडा आणि ‘कंट्रोल’ व खालच्या दिशेचा बाण या दोन कळा एकदम दाबा. तुम्ही थेट शेवटच्या ओळीवर जाऊन पोहोचाल. तिचा क्रमांक असतो १०,४८,५७६. त्यापुढे ओळ नाही. वहीचे शेवटचे पान यावे, तसा हा तक्ता तेथे संपतो.

ही विचित्र संख्या कोठून आली?

दहा लाख किंवा पंधरा लाख अशी सोयीची संख्या सोडून १०,४८,५७६ हीच मर्यादा का असावी? समजा, एखाद्या हजेरीपटात अनुक्रमांक लिहिण्यासाठी दोनच अंकांची जागा ठेवली आहे. तर ०० पासून ९९ पर्यंत १०० मुलांचीच नोंद होईल. तीन अंकांची जागा असेल, तर १,००० मुलांची. म्हणजे मर्यादा ठरते ती क्रमांक लिहिण्यासाठी राखलेल्या जागेवरून.

संगणक ० आणि १ हे दोनच अंक वापरतो. अशा एका अंकाच्या जागेला बिट म्हणतात. एक बिट वाढला, की क्रमांकांची संख्या दुप्पट होते. ८ बिटांत २५६ क्रमांक मावतात, १६ बिटांत ६५,५३६ आणि २० बिटांत बरोबर १०,४८,५७६. दोनचा विसावा घात काढून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेल्या ‘व्हिजिकॅल्क’ या पहिल्या लोकप्रिय संगणकीय तक्त्यात २५४ ओळी आणि ६३ स्तंभ होते. त्या काळी संगणकाची स्मृती इतकी तोकडी होती, की तेवढा तक्ताही पूर्ण भरणे अवघड होते. ‘एक्सेल’च्या १९९७ च्या आवृत्तीत ६५,५३६ ओळी झाल्या आणि २००७ च्या आवृत्तीत त्या १०,४८,५७६ झाल्या. स्तंभांची मर्यादा २५६ वरून १६,३८४ वर गेली. तक्ता असा मोठा होत गेला, तरी प्रत्येक वेळी शेवटची ओळ होतीच.

वाई मावते, सातारा मावत नाही

ही मर्यादा आपल्या व्यवहारात कधी आड येते, हे पाहू. २०११ च्या जनगणनेत वाई शहराची लोकसंख्या छत्तीस हजारांच्या आसपास होती. प्रत्येक माणसासाठी एक ओळ धरली, तर सगळे शहर १९९७ च्या तक्त्यातही मावते. पण त्याच जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ होती. यांपैकी कोणताही एक जिल्हा आजच्या मोठ्या तक्त्याच्या एका पानावरही मावत नाही. प्रत्येकाला तीन पाने लागतील.

माणसांपेक्षा उपकरणे अधिक वेगाने तक्ता भरतात. समजा, धोम जलाशयाच्या काठावरील एखाद्या शाळेने दर मिनिटाला पावसाची नोंद करणारे स्वयंचलित उपकरण बसवले. दिवसाची मिनिटे १,४४०, म्हणून दिवसाच्या ओळीही १,४४०. आजचा तक्ता ७२८ दिवसांत, म्हणजे दोन वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस कमी असताना भरेल. जुन्या पद्धतीचा ६५,५३६ ओळींचा तक्ता मात्र अवघ्या साडेपंचेचाळीस दिवसांत भरेल. १ जूनच्या मध्यरात्री नोंदी सुरू केल्या असतील, तर १६ जुलैच्या दुपारी सव्वाबाराच्या सुमारास जागा संपेल. त्यानंतरच्या धो-धो सरी उपकरणाने मोजल्या, तरी तक्त्यात येणार नाहीत.

आता कोणी सप्टेंबरअखेर त्या तक्त्याची बेरीज केली, तर काय होईल? संगणक बेरीज देईल. ती गणिताच्या दृष्टीने बिनचूक असेल, पण पावसाच्या दृष्टीने साफ चुकीची असेल. फाटलेली वही पाहताच पाने गेल्याचे कळते. तोडलेला तक्ता मात्र अगदी पूर्ण तक्त्यासारखाच दिसतो. खरा धोका येथे आहे.

इंग्लंडमधील १५,८४१ माणसे

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. २०२० साली कोविडची साथ जोरात असताना इंग्लंडमधील प्रयोगशाळा आपल्या चाचण्यांचे निकाल ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या सरकारी संस्थेकडे पाठवीत असत. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती साध्या मजकुराच्या धारिकांत असे आणि अशा धारिकेला ओळींचे बंधन नसते. परंतु संस्थेकडे ती माहिती आपोआप एक्सेलच्या जुन्या साच्यात उतरवली जाई, आणि त्या साच्याची मर्यादा होती ६५,५३६ ओळी. त्यातही एकेका चाचणीला अनेक ओळी लागत. त्यामुळे एका धारिकेत सुमारे १,४०० रुग्णच मावत. रुग्ण वाढले, साचा भरला आणि पुढच्या नोंदी बाहेरच राहिल्या.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठ दिवसांतील १५,८४१ बाधितांच्या नोंदी अशा रीतीने रोजच्या आकडेवारीतून गळाल्या. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या सहवासात आलेल्यांना शोधून सावध करणाऱ्या यंत्रणेकडे ही नावे वेळेवर गेलीच नाहीत. साथीच्या रोगात एकेक दिवस मोलाचा असतो. ज्यांना घरी थांबण्याची सूचना मिळायला हवी होती, अशी हजारो माणसे त्या काळात नेहमीप्रमाणे वावरत राहिली.

साथीविषयीचे सारे ज्ञान आणि उत्तम प्रयोगशाळा हाताशी असूनही ही चूक घडली. पाठवलेल्या नोंदी किती आणि पोहोचलेल्या किती, एवढा ताळा दररोज पाहिला असता, तर ती पहिल्याच दिवशी उघड झाली असती.

तक्ता मोठा केला, की झाले?

यावर कोणी म्हणेल, की मोठा तक्ता घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटला. पण जागा पुरेशी असूनही माहिती बिघडू शकते. महाराष्ट्राने याचा अनुभव २०१७ साली घेतला. त्या वर्षी जूनमध्ये राज्य शासनाने शेतकऱ्यांसाठी ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. ८९ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ होईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. ८९ लाख ओळी म्हणजे आजच्या तक्त्याची नऊ पाने. अर्थात एवढे मोठे काम तक्त्यावर न करता संकेतस्थळ आणि माहितीसंच यांच्या साहाय्याने हाती घेण्यात आले.

तरीही ते अडले. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे देण्याचा समारंभ झाला आणि पाठोपाठ याद्यांतील विसंगती पुढे आल्या. शेतकऱ्यांनी अर्जात भरलेली माहिती आणि बँकांकडील माहिती जुळेना. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आढळला. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे जमा होण्यास उशीर झाला.

असे का होते? गावची सोसायटी, जिल्हा बँक आणि शासन अशा टप्प्यांतून माहिती जाते. एका ठिकाणी ‘सुरेश रामचंद्र पाटील’ असते, दुसरीकडे ‘पाटील सु. रा.’, तिसरीकडे ‘सुरेश रामचंद्र पाटिल’. माणसाला हे तिन्ही एकच वाटतात, पण संगणकाला ती तीन वेगळी माणसे वाटतात. क्रमांकाचे घर रिकामे ठेवता येत नाही, म्हणून कोणी तेथे काहीतरी भरून मोकळा होतो, आणि चूक कायमची आत शिरते. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत यादीतील नोंदीला विशिष्ट क्रमांक देऊन आधारच्या साहाय्याने शेतकऱ्याची ओळख पटवण्याची पायरी ठेवण्यात आली. ‘ही नोंद नेमकी कोणाची?’ हा प्रश्न त्यामुळे आधीच विचारला गेला.

एक गोष्ट, एकच जागा

माहिती नीट ठेवण्याचे मूळ तत्त्व संगणकाहून जुने आहे. त्याचे मोठे उदाहरण वाईतच पाहायला मिळते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणताही खंड उघडा. पुष्कळ नोंदींच्या शेवटी ‘पहा’ असे लिहून दुसऱ्या नोंदीचे नाव दिलेले आढळेल. एखाद्या विषयाची सविस्तर माहिती एका जागी द्यायची आणि इतरत्र तिकडे बोट दाखवायचे. म्हणजे ग्रंथ फुगत नाही आणि दुरुस्तीही एकाच जागी करावी लागते.

हेच तत्त्व १९७० साली एडगर कॉड या गणितज्ञाने संगणकातील माहितीसाठी काटेकोर गणिती भाषेत मांडले. कॉड तेव्हा अमेरिकेत ‘आयबीएम’ कंपनीत काम करीत होते. आज बँका, रेल्वे आरक्षण आणि विद्यापीठे ज्या माहितीसंचांवर चालतात, त्यांतील बहुतेकांचा पाया हा आहे.

शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. देवघेवीचा एकच लांब तक्ता केला आणि प्रत्येक वेळी मुलाचे नाव, गाव, पुस्तक, लेखक व तारीख लिहिली, तर वर्षात चाळीस पुस्तके नेणाऱ्या मुलाचे गाव चाळीस वेळा लिहावे लागेल. त्यात कधी ‘भुईंज’ होईल, कधी ‘भुइंज’. मुलगा दुसऱ्या गावी राहायला गेला, तर चाळीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल, आणि एखादी राहूनही जाईल. त्याऐवजी तीन तक्ते करावे. पहिल्यात प्रत्येक मुलाची एकच ओळ, त्याच्या प्रवेश क्रमांकासह. दुसऱ्यात प्रत्येक पुस्तकाची एकच ओळ, त्याच्या दाखल क्रमांकासह. तिसऱ्यात फक्त प्रवेश क्रमांक, दाखल क्रमांक आणि तारीख. आता गाव बदलले, की एकाच घरात खाडाखोड करायची. तिसरा तक्ता जणू प्रत्येक ओळीत ‘पहा’ असे सांगतो.

नोंदी ठेवणाऱ्याच्या सवयी

पुढील सवयी लहान आहेत, पण मोठमोठ्या कार्यालयांनाही त्या लागू पडतात.

१. एका घरात एकच गोष्ट लिहावी. ‘९वी ब, वाई’ असे एकत्र न लिहिता इयत्ता, तुकडी व गाव यांना वेगवेगळे स्तंभ द्यावे. घराला लाल रंग दिला म्हणजे ‘फी बाकी’, असे संकेत टाळावे. त्यासाठी वेगळा स्तंभ करावा.

२. ज्यांची बेरीज करायची नाही, ते क्रमांक मजकूर म्हणून लिहावे. संख्या म्हणून लिहिल्यास ‘००७’ चे ‘७’ होते. शिवाय एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतो. १२ अंकी आधार क्रमांक त्यात सुखरूप राहतो, पण १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो.

३. तारखांबाबत सावध राहावे. ‘३-२’ असे लिहिले, तर तक्ता त्याची तारीख करून टाकतो. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशा नावांच्या मानवी जनुकांची संशोधकांच्या तक्त्यांत वारंवार तारीख होत असे. अखेर २०२० साली त्या जनुकांची नावेच बदलण्यात आली.

४. मूळ माहितीची प्रत वेगळी ठेवावी आणि तिला हात लावू नये. मोठी धारिका उघडताना ‘पूर्ण भरली गेली नाही’ अशी सूचना आली, तर ती धारिका त्याच नावाने जतन करू नये. तसे केल्यास न दिसलेल्या ओळी कायमच्या जातात.

५. माहिती एका जागेवरून दुसरीकडे नेली, की ओळी मोजाव्या. निघाल्या किती, पोहोचल्या किती? भागाकाराचा ताळा करतो, तसाच हा ताळा.

माहिती काही लाख ओळींच्या पलीकडे जाईल, किंवा एकाच वेळी अनेकांना तीत भर घालावी लागेल, असे दिसू लागले, तर तक्ता सोडून खराखुरा माहितीसंच वापरावा. तो काही केवळ मोठ्या संस्थांसाठी नाही. ‘एसक्यूलाइट’सारखे मोफत माहितीसंच साध्या संगणकावरही चालतात. तक्ता हिशेबासाठी आणि आलेखासाठी उत्तम आहेच. त्याला कोठाराचे काम सांगितले, की तो अपुरा पडतो.

वर्गात करून पाहण्याजोगे

वर्गाचे चार गट करा. प्रत्येक गटाने कोणाला न विचारता वर्गातील सर्व मुलांची नावे, गावे आणि जन्मतारखा यांचा तक्ता करावा. मग चारही तक्ते एकाखाली एक जोडून संगणकाला विचारा, की यात वेगवेगळी माणसे किती आहेत. वर्गात पन्नास मुले असतील, तर उत्तर पन्नास यायला हवे. ते किती येते ते फळ्यावर लिहा आणि जास्तीची माणसे कोठून आली, ते एकेक करून शोधून काढा. त्यानंतर प्रवेश क्रमांकाचा स्तंभ घालून हाच प्रयोग पुन्हा करा आणि या वेळी प्रवेश क्रमांकच मोजा. दोन उत्तरांतील फरक हा या लेखातील विषयाचा तुमच्या वर्गापुरता पुरावा होय.