पन्नास हजारांच्या शर्टात असतं काय?

फुलंब्रीहून सिल्लोडच्या रस्त्याला लागलं की दिवाळीच्या सुमारास मक्याच्या जोडीनं फुटलेली कपाशी दिसते. हाच रस्ता पुढे अजिंठ्याला जातो. छत्रपती संभाजीनगर ते अजिंठा लेणी हे अंतर साधारण १०० किलोमीटर. उंची शर्टाच्या कापडासाठी १२० नंबरचं सूत कातलं जातं. ते फक्त अर्धा किलो घ्यायचं, एक टोक संभाजीनगरात बांधायचं आणि दुसरं धरून निघायचं. फुलंब्री मागे पडेल, सिल्लोड मागे पडेल आणि सूत लेण्यांपर्यंत पुरेल.

हा हिशेब सुताच्या नंबरातच आहे. एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. १२० नंबर म्हणजे पौंडाला १२० लडी. नंबर चढत जातो तसं सूत बारीक होत जातं.

पॅरिसचं शार्व्हे हे दुकान १८३८ पासून शर्ट शिवतं, लंडनचं टर्नबुल अँड ॲसर १८८५ पासून. इटलीतल्या नेपल्सच्या कारखान्यांत तर बाही आजही हातानं जोडली जाते. अशा ठिकाणच्या एका शर्टाला चाळीस-पन्नास हजार रुपये सहज पडतात. एवढे पैसे जातात कुठे आणि त्यांचं चीज होतं का, हे समजून घ्यायला फुलंब्रीसारखी जागा नाही. शर्टाची दोन्ही टोकं इथे आहेत: शेतात कापूस आणि बाजारपेठेत शिंपी.

कच्च्या मालापासून सुरुवात करू. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे किलोला ८१ रुपये. किलोभर कापसातून सरकी काढली की रुई उरते एक तृतीयांशाच्या थोडी वर. कातताना आखूड तंतू बाजूला पडतात, बेतताना चिंध्या पडतात. हे सगळं वजा जाता एका शर्टापुरतं कापड निघतं. थोडक्यात, एका शर्टात शेतकऱ्याचा कापूस जातो ऐंशी-पंच्याऐंशी रुपयांचा. एका बोंडातून चार-पाच ग्रॅम कापूस मिळतो, म्हणून त्या शर्टासाठी दोनशे ते अडीचशे बोंडं वेचावी लागतात. आपल्याकडे ती वेचतात बहुतेक बायाच. बोंडाच्या वाळक्या टोकदार पाकळ्या बोटांना बोचत असताना, किलोवर मजुरी घेऊन. मराठवाड्यातल्या कापसाचा स्वस्तातला स्वस्त शर्टसुद्धा अशा हातांतून गेलेला असतो. त्याच्या किमतीत हे हात कुठे दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता त्या बोंडातला एकच तंतू घ्या. तो एक पेशी असतो, फक्त एक. फूल उमललं त्या दिवशी सरकीच्या सालीवरची एक पेशी लांबायला लागते आणि तीनेक आठवड्यांत स्वतःच्या जाडीच्या हजारपटींहून लांब होते. मग आत सेल्युलोजचे थर चढतात, बोंड उकलतं आणि पेशी वाळून चपटी, पिळदार होते. आपण अंगावर घालतो ते मुळात वाळलेल्या पेशींचं विणकाम.

ही पेशी किती लांबली यावर पुढची सगळी किंमत ठरते. आपल्या भागातल्या बीटी कपाशीचा तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर भरतो. इजिप्तची गिझा, वेस्ट इंडीजची सी आयलंड किंवा १९७४ मध्ये कोइमतूरला तयार झालेला आपला सुविन हे वाण ३५ मिलिमीटरच्या पुढे जातात. फरक आहे बोटाच्या नखाच्या रुंदीपेक्षाही कमी! पण सुतात ना गाठ असते ना डिंक. तंतू एकमेकांना धरून राहतात ते केवळ पिळाच्या घर्षणानं. तंतू लांब असला की पकड जास्त, म्हणून कमी तंतूंतही सूत टिकतं. रोजच्या शर्टाचं ४० नंबरचं सूत आडवं कापलं तर त्यात नव्वदेक तंतू सापडतील. १२० नंबरात जेमतेम चाळीस. त्याहून खाली गेलं की सूत कातणं अवघड होत जातं. अशी दोन सुतं एकत्र पिळून दुपदरी धागा करतात आणि त्याचं कापड मऊ, तरीही भरीव लागतं. इथे मोजलेले पैसे मला पूर्ण पटतात. मात्र दोनशे नंबरचं कापड हाताला कितीही रेशमी लागो, ते लवकर चुरगळतं आणि लवकर विरतं. तिथे आपण टिकाऊपणा विकत घेत नाही, नाजूकपणा घेतो.

शिलाईची गोष्ट वेगळी. शिलाई मशीन नवं होतं तेव्हा व्हीलर अँड विल्सन या अमेरिकी कंपनीनं मोजमाप छापलं होतं: पुरुषाचा एक शर्ट हातानं शिवायला १४ तास २६ मिनिटं, मशीनवर १ तास १६ मिनिटं. एका शर्टात टाके वीस हजारांच्या वर. आजचे उंची शर्टही सगळे हातानं शिवत नाहीत. लांब सरळ शिवणी मशीनवरच होतात आणि ते योग्यच आहे, कारण तिथे मशीनची टीप हातापेक्षा भक्कम बसते.

हाताचं खरं काम मुंढ्यात. बाहीचा वरचा घेर मुंढ्याच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा मोठा बेततात. ते जादा कापड कारागीर बोटांनी थोडं थोडं जिरवत टाका घालतो, म्हणजे चुण्या दिसत नाहीत पण हात उचलायला जागा मिळते. मशीनच्या टिपेत वरचा आणि बॉबिनचा धागा एकमेकांत अडकून घट्ट बसतात. हाताच्या टाक्यातला एकच धागा शिवणीत किंचित सरकू शकतो. हात वर केला की शिवण त्याच्याबरोबर ताणली जाते आणि खोचलेला शर्ट कमरेतून वर येत नाही. दिवसभर खडूफळ्याशी काम करणाऱ्या शिक्षकाला हा फरक पहिल्याच दिवशी कळेल.

हातानं केलेल्या काजांचं मात्र तसं नाही. एका काजाला शंभराच्या वर टाके आणि त्यातली सफाई बघत राहावी अशी, पण बटण मशीनच्या काजातही तेवढंच नीट बसतं. शिंपल्याची बटणं इस्त्रीनं वितळत नाहीत आणि अंगाला गार लागतात. ती घ्यावीत. कॉलरमध्ये चिकटवलेल्या बकरमऐवजी सुटं बकरम शिवलेलं असावं, म्हणजे धुऊन धुऊन फुगे येत नाहीत.

आणि माप? युरोपात अंगाचं माप घेऊन शर्ट बेतणं ही चैन झाली आहे. फुलंब्रीच्या बाजारपेठेत तो आजही रोजचा व्यवहार आहे. गळ्यात टेप, कानाला पेन्सिल, एक खांदा उतरता आहे हे न सांगता ओळखणारी नजर, आणि शिलाई काही शे रुपये. शार्व्हेच्या किमतीचा मोठा वाटा याच नजरेचा आहे. कसबाला दाद देऊन पैसे मोजायची रीत या जिल्ह्याला नवी नाही. पैठणी इथलीच, हैदराबादच्या सरदारांच्या शेरवान्यांना लागणारा सुती-रेशमी हिमरूही इथलाच.

म्हणून पन्नास हजार द्यावेत का, याचं माझं उत्तर असं: शंभर ते १२० नंबरचं दुपदरी कापड संभाजीनगरातून आणा आणि गावातल्या चांगल्या शिंप्याकडे द्या. इंचाला अठरा-वीस टाके, एका सुईची शिलाई, सुटं बकरम आणि शिंपल्याची बटणं मागा. घाई करू नका आणि मजुरी तिप्पट द्या. मुंढा हातानं जोडून देणार का, तेही विचारा. या कामाला अर्धा दिवस जाईल, त्याचे पैसे वेगळे मोजा. एवढं करूनही खर्च त्या शर्टाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच राहतो.