मधल्या ट्रेतले आम्ल

कृष्णधवल छायाचित्राची प्रत काढताना डार्करूममध्ये तीन ट्रे ओळीने मांडतात: डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर. पहिल्यात चित्र उमटते, तिसऱ्यात ते टिकाऊ होते. मधल्या ट्रेत डोळ्यांना काहीच घडताना दिसत नाही. म्हणून त्याची निवड सगळ्यांत कमी विचाराने होते, आणि ते मला फार खटकते.

डेव्हलपरमधले हायड्रोक्विनोन प्रकाश लागलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडला इलेक्ट्रॉन देते आणि त्याची काळी चांदी होते. पण इलेक्ट्रॉन देण्याआधी त्याच्या रेणूने प्रोटॉन सोडलेला असावा लागतो, आणि तो सुटतो आम्लारीधर्मी द्रावणातच. डेव्हलपरमध्ये सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, घालतात तो यासाठी. द्रावणाचा सामू १० च्या आसपास असतो. मधल्या ट्रेतल्या आम्लाने तो ५ वर आणला की हायड्रोक्विनोन कागदात असूनही हतबल होते. नुसत्या पाण्याने डेव्हलपर पातळ होतो, पण जिलेटिनच्या थरात मुरलेला भाग आणखी काही काळ काम करत राहतो.

साध्या प्रतीत एवढ्याने फारसे बिघडत नाही. लिथ पद्धतीच्या छपाईत मात्र सगळा खेळ त्या काही क्षणांचाच असतो. तिथे डेव्हलपिंग सुरुवातीला रेंगाळते. मग जिथे काळे उमटते तिथे ते आणखी काळे उमटवत सुटते. हवी ती छटा दिसताच कागद उचलायचा आणि क्रिया तिथल्या तिथे थांबवायची. इथे आम्लाला पर्याय नाही.

दुसरे काम फिक्सरच्या रक्षणाचे. कागदाबरोबर वाहून आलेला सोडा आम्लधर्मी फिक्सरचा सामू वाढवतो. फिक्सरमध्ये तुरटीवर्गातले हार्डनर असेल, तर त्यातून पांढरा गाळ बसू लागतो.

आता आम्ल कोणते? जुन्या स्टुडिओंची सवय अॅसेटिक आम्लाची, १ ते २ टक्के. ते स्वस्त आणि भरवशाचे. शुद्ध अॅसेटिक आम्ल १६.६ अंश सेल्सिअसला गोठते, त्यामुळे नाशिकच्या थंडीत बाटलीत त्याचा बर्फासारखा गोळा होऊ शकतो. ते त्वचा भाजते आणि त्याच्या वाफा डोळ्यांना झोंबतात. पातळ करताना पाण्यात आम्ल घालायचे, आम्लात पाणी कधीच नाही. स्वयंपाकघरातले ४ टक्क्यांचे पांढरे व्हिनेगर एका भागाला तीन भाग पाणी घालूनही चालते. वास मात्र तोच.

घरातल्या न्हाणीघराची डार्करूम करणाऱ्यांना मी निःशंकपणे सायट्रिक आम्ल सुचवेन: वाण्याकडचे लिंबूसत्त्व, लिटरला साधारण १५ ग्रॅम. त्याला वास नाही. ते कमजोर असते हा समज खोटा आहे. अॅसेटिकचा रेणू एक प्रोटॉन देतो, सायट्रिकचा तीन. मोलमागे वजन अनुक्रमे ६० आणि १९२ ग्रॅम. म्हणजे वजनास वजन घेतले तर दोघांची आम्लारी मारण्याची कुवत जवळपास सारखीच. दोष एकच, उरलेल्या द्रावणावर बुरशी धरते. काम संपले की ते टाकून द्यावे. सोडियम मेटाबायसल्फाइटही चालते, पण त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. दमा असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

कोणतेही आम्ल असो, प्रमाण दुप्पट केल्याने काम दुप्पट चांगले होत नाही. तीव्र आम्ल आणि कार्बोनेट एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे थेट जिलेटिनच्या इमल्शनमध्ये तयार होतात आणि थराला फोड किंवा सुईच्या टोकाएवढी भोके पडू शकतात. फिक्सर आम्लारीधर्मी असेल, तर उलट आम्ल नकोच. वारंवार बदललेले किंवा वाहते पाणी उत्तम.

विकतच्या काही स्टॉप बाथमध्ये ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक असतो. सामू ५.२ च्या खाली असेतो तो पिवळा, ६.८ च्या वर जांभळा. सेफलाइटच्या लाल उजेडात पिवळा रंग जवळजवळ दिसतच नाही, जांभळा मात्र काळपट दिसतो. ट्रे काळवंडू लागला की द्रावण बदलायचे. प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदाला मधल्या ट्रेत १० सेकंद पुरतात. साध्या फायबर कागदाच्या तंतूंत डेव्हलपर खोलवर शिरतो, त्याला ३० सेकंद ते एक मिनिट द्यावे. आणि प्रत्येक ट्रेमधून कागद उचलल्यावर एका कोपऱ्याने धरून तो नीट निथळू द्यावा; आम्लाचे आयुष्य याने जितके वाढते तितके महागड्या बाटलीने वाढत नाही.