लिव्हर-ॲक्शन रायफल (भाग ५) : मागची साईट डोळ्याजवळ आणा

लिव्हर खाली ओढल्यावर काडतूस नळीखालच्या मॅगझिनमधून चेंबरपर्यंत कसं चढतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. शंभर वर्षांहून अधिक काळ ती यंत्रणा फारशी बदलली नाही, कारण बदलायची गरजच पडली नाही. तिच्यासोबत कारखान्यातून येणाऱ्या साईट्सबद्दल मात्र असं म्हणवत नाही.

जॉन ब्राउनिंगने घडवलेली विंचेस्टर ९४ सत्तर लाखांहून अधिक बनली. तिच्या जोडीला १९४८ पासूनची मार्लिन ३३६. या दोन रायफलींवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या पिढ्या वाढल्या. पेनसिल्व्हेनिया किंवा मिशिगनच्या दाट जंगलात नोव्हेंबरमध्ये हरीण दिसतं ते बहुधा शंभर यार्डांच्या आत, आणि तेही क्षणभर. एवढ्याला दुर्बीण लागत नाही. शिवाय जुन्या विंचेस्टरमधून रिकामं काडतूस थेट वर उडतं, त्यामुळे दुर्बीण मधोमध बसवणंच अवघड. ते तिरपं बाहेर पडेल अशी सुधारणा थेट १९८२ मध्ये झाली. म्हणून या रायफलींवर साध्या साईटचं महत्त्व टिकून आहे. नेम वीतभर चुकला तर जनावर जखमी होऊन झाडीत पळतं आणि तडफडून मरतं, तेव्हा साईट सुधारणं ही हौसेपेक्षा कर्तव्याची बाब आहे.

कारखान्याची मागची साईट नळीवर असते, डोळ्यापासून दीड-दोन फुटांवर. मध्ये बारीक खाच आणि दोन्ही बाजूंना वर वळलेली शिंगं. तिला सेमी-बकहॉर्न म्हणतात. नेम धरताना ही खाच, पुढच्या साईटचा मणी आणि लांबचं हरीण अशा तीन गोष्टी डोळ्याने एकाच वेळी स्पष्ट पाहाव्यात अशी अपेक्षा असते. डोळ्याला ते जमत नाही. एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते, बाकी धूसर. चाळिशीनंतर तर खाच पार पुसट होते. त्यात ही साईट निशाणाचा बराच भाग झाकून टाकते.

यावरचा उपाय जुनाच आहे. कनेक्टिकटच्या विल्यम लायमनने १८७९ मध्येच डोळ्याजवळ बसणाऱ्या भोकाच्या साईटचं पेटंट घेतलं होतं. हीच पीप साईट. यंत्रणा सामावणाऱ्या रिसीव्हरच्या मागच्या टोकाला लहान गोल भोक असतं. त्याच्याकडे बघायचं नसतं, त्यातून बघायचं असतं. भोकाच्या मध्यभागी उजेड सगळ्यात जास्त असतो आणि डोळा आपोआप तिथेच स्थिरावतो. आपण फक्त मणी निशाणावर ठेवायचा. लहान भोकातून पाहिल्यावर जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, हा आणखी एक फायदा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तेही अशाच भोकातून नेम धरून. त्या स्पर्धेत दुर्बिणीला परवानगीच नसते. फरक इतकाच की स्पर्धेचं भोक अगदी बारीक असतं. जंगलातल्या संधिप्रकाशात ते निरुपयोगी. म्हणून शिकारी बारीक भोकाची आतली चकती काढून मोठं भोक वापरतात. त्याची कड इतकी अंधूक दिसते की तिला ‘घोस्ट रिंग’ नाव पडलं.

दुसरा लाभ दोन साईट्समधल्या अंतराचा. वीस इंची नळीच्या रायफलीवर कारखान्याच्या साईट्समध्ये पंधराएक इंच अंतर असतं. पीप मागे गेली की ते चोवीसच्या आसपास होतं. समजा नेम धरताना मणी एक मिलिमीटरने, म्हणजे ०.०४ इंचाने, हलला. शंभर यार्ड म्हणजे ३६०० इंच. पंधरा इंचांच्या अंतरावर ही चूक निशाणावर ९.६ इंच होते, चोवीस इंचांवर ६. हात तोच, रायफल तीच, पण चूक एक तृतीयांशाहून जास्त घटली.

हाच हिशेब उलट केला की पुढची साईट किती उंच हवी ते कळतं. निशाणावरची चूक गुणिले साईट्समधलं अंतर, भागिले निशाणाचं अंतर. पीप पूर्ण खाली उतरवूनही गोळी शंभर यार्डांवर सहा इंच वर लागत असेल, तर पुढची साईट आहे त्यापेक्षा ०.०४ इंचाने उंच हवी. ध्यानात ठेवा : मागची साईट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, पुढची उलट दिशेला. मणी पितळी असेल तर बाजूच्या उन्हात त्याची एकच बाजू चमकते आणि नेम सरकतो. मण्याची डोळ्याकडची गोल बाजू कानशीने सपाट केली की हा दोष बराच जातो.

आता बसवण्याचं काम. आधी रायफल रिकामी करा. नळीखालच्या मॅगझिनमध्ये एखादं काडतूस अडकून राहू शकतं, म्हणून लिव्हर पुन्हापुन्हा चालवा आणि चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा. नळी वाइसमध्ये चामड्याच्या गाद्यांमध्ये धरा. नळीवरच्या आडव्या खाचेत बसलेली साईट मागून पाहताना डावीकडून उजवीकडे ठोकून काढायची आणि नवी उजवीकडून डावीकडे बसवायची, तीही पितळी पंचाने. नवी घट्ट होत असेल तर कानस साईटच्या बुडाला लावा, नळीच्या खाचेला कधीच नाही. एक पैलू गुळगुळीत असलेली तिकोनी कानस घ्या, म्हणजे भलतीच बाजू घासली जाणार नाही. बोटाने साईट निम्म्यापर्यंत सरकली की थांबा. उरलेलं काम हातोडीचं. जुनी मागची साईट काढल्यावर नळीवर उरलेली रिकामी खाच पट्टीने बंद करा.

पीपचे स्क्रू रिसीव्हरच्या भोकांत बसतात. तेल पुसून सौम्य थ्रेडलॉकरचा थेंब लावा आणि मग लिव्हर सावकाश चालवून पाहा. स्क्रू केसभर लांब असला तरी आत बोल्टला घासतो.

खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर तो मागच्या साईटवर करा. आणि एक कळकळीची विनंती : अमेरिकेत १९६४ पूर्वीच्या विंचेस्टरना संग्राहक मोठी किंमत देतात. अशी जुनी रायफल हाती असेल आणि तिच्या रिसीव्हरवर कारखान्याची भोकं नसतील, तर पीपसाठी तिला ड्रिल लावू नका.