कॉलेजच्या मुलांना विज्ञानकथा शिकवायची, पण कोणती?

मोबाईल, समाजमाध्यमे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी माणसाचे वागणे कसे बदलते, हा विषय आता कॉलेजात शिकवला जातो. त्यासाठी काही प्राध्यापक विज्ञानकथा निवडतात. 'गोष्टी सांगून कुठं अभ्यास होतो का?' असं पारावर कुणीही विचारील. होतो, पण गोष्ट कोणती घेता यावर सारं आहे. नवनव्या यंत्रांची जत्रा भरवणारी गोष्ट चार वर्षांत शिळी होते. यंत्र बिघडल्यावर माणसाचं काय होतं, हे दाखवणारी टिकते.

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांची 'द मशीन स्टॉप्स' ही कथा १९०९ सालची. तिच्यात माणसं जमिनीखाली एकेका खोलीत एकटी राहतात. जेवण, औषध, गाणं, सारं बटण दाबलं की हजर. आई पृथ्वीच्या एका बाजूला, मुलगा दुसऱ्या. तबकडीत चेहरा बघून बोलायचं. पुढे गाण्यात खरखर येते, आंघोळीच्या पाण्याला वास मारतो. दुरुस्ती समितीकडे तक्रार केली तर उत्तर मिळतं, वर कळवतो. लोक थोडे दिवस कुरकुरतात, मग त्या वासाचीही सवय होते. शेवटी कळतं की दुरुस्ती करणारं यंत्रच बिघडलंय! हे वाचून कुणाला गावची नळयोजना आठवली, तर दोष फॉर्स्टरचा नव्हे.

आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो घ्यायचा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक लागतं. रेंज नाही, सर्व्हर चालत नाही, मुदत संपत आली, ही रड कुणाला नवी नाही. फॉर्स्टर वाचून झाला की मुलांना इथंच पाठवावं. गावात कोण कुणाच्या मोबाईलवर पाहणी करतो? ज्याच्याकडे मोबाईलच नाही तो कुणाच्या दारात जातो? नोंद चुकली तर दुरुस्त कोण करतं? हे विचारून लिहून आणायला सांगावं. तलाठ्यालाही विचारावं, त्याचीही बाजू असते.

मराठीतलं हवं तर जयंत नारळीकर आहेतच. कोल्हापूरला जन्मलेल्या या शास्त्रज्ञानं १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. स्वतःची आद्याक्षरं नुसती उलटी केली. २०२५ मध्ये ते गेले. या विषयासाठी त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी घ्यावी. तिच्यातला वामन म्हणजे विचार करणारं यंत्र. वामनानं तीन पावलं मागितली आणि बळीचं काय झालं, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. शहरी वर्गापेक्षा आपली मुलं इथं दोन पावलं पुढंच असतील.

'रोबो' हा शब्दही असाच. कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला. त्याचं मूळ ज्या चेक शब्दात आहे, त्याचा अर्थ जमीनदाराकडची वेठ.

फॉर्स्टरचं इंग्रजी जड जातं. प्राध्यापकांनी कथा आधी मराठीत सांगावी, मग मुलांच्या हाती द्यावी. आणि हा पाठ खरिपाच्या पीक पाहणीची मुदत चालू असतानाच ठेवावा. घरची नोंदही त्याच फेरीत उरकेल.