खातं तिचं, सही तिची

मैत्रिणींनो, लेक हॉस्टेलला निघाली की आपल्या पोटात कालवतं. पैसे सांभाळेल का? तो सराव मात्र घरी असतानाच व्हायला हवा.

रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवायची मुभा दिली. किती रकमेपर्यंत, ते प्रत्येक बँक ठरवते. खात्यात असतील तेवढेच पैसे निघतात, उधारी चढत नाही. म्हणजे चुकलं तरी नुकसान बेताचं.

पहिल्यांदा सोबत जाऊ, पण स्लिप तिलाच भरू देऊ. पुढच्या वेळी बाहेर बाकावर बसू. नंतर घरीच थांबू. पिन आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवू. पैसे उडवले तर रागावू नये, पण भरूनही देऊ नये. महिनाअखेर तिला आपोआप समजेल.

आपल्यातल्या कितीतरी कमावत्या बायकांचं पासबुक आजही दुसऱ्याच्या कपाटात असतं. अठरा पूर्ण झाली की बँक लेकीची सही नव्याने घेईल. तोवर पासबुक तिच्याच कप्प्यात राहू दे.